वाघाच्या डोक्याचा राक्षस कुठल्या पुराणात आहे?

पालीच्या बाजूने राजगड चढायला आलेली कॉलेजची मुलं रात्री गावात मुक्कामाला असली, की गप्पा गडावरून कॉम्प्युटरवरच्या खेळांकडे वळतात. त्या गप्पांत एक वाक्य सारखं कानावर येतं, आणि आता ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही. ‘गेममधला तो राक्षस, वाघाचं डोकं आणि उलटे तळहात असलेला, तो आपल्या पुराणातलाच आहे.’ कुठल्या पुराणातला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘असेल कुठेतरी. नाहीतर त्या लोकांना कसं कळलं?’

त्या लोकांना कसं कळलं याचा माग छापील स्वरूपात उपलब्ध आहे. भुयारं-तळघरं धुंडाळत, एकेक दालन साफ करत खाली उतरायचं अशा खेळांचं मूळ म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तेव्हा तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळला जायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या मालिकेचा ‘हॉरर इन द हाइट्स’ हा भाग दाखवला गेला. त्यात शिकागोच्या एका वस्तीत एक राक्षस शिरतो. समोरच्या माणसाचा ज्याच्यावर विश्वास असेल त्याचं रूप तो घेतो, आणि शेवटी मंतरलेल्या बाणाने मरतो. बरोबर वर्षभराने, डिसेंबर १९७५ मध्ये, या खेळाच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या पाचव्या अंकात राक्षस अवतरला. विश्वासातल्या माणसाचा भास निर्माण करणारा आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा! खेळाचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी हा राक्षस त्या मालिकेवरून सुचल्याचं पुढे स्वतःच सांगितलं.

वाघ आला तो चित्रातून. याच खेळाच्या १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने वाघाचं डोकं, अंगात उंची झगा आणि ओढायला पाइप अशा थाटातला राक्षस काढला. चित्र उत्तम होतं आणि ते डोक्यात बसलं. पुढच्या आवृत्त्यांत उलटे तळवे हे त्याचं ठळक लक्षण झालं. २००० साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट २’ या कॉम्प्युटरवरच्या खेळात तोच वाघतोंड्या आला आणि तिथून घराघरांतल्या पडद्यांवर पोचला. पुराणाचं नाव, टीव्हीवरची गोष्ट आणि एका चित्रकाराची कल्पना, यांतून तो घडला. घडवणाऱ्यांनी काही गुन्हा केला नाही. खेळासाठी प्राणी रचणं हे त्यांचं कामच. आपण तो आपला म्हणून मिरवतो, तेही मूळ ग्रंथ न उघडता, याची मात्र चीड येते.

इथे एखादा वाचक म्हणेल, की रामायणात वाघाच्या तोंडाच्या राक्षसी आहेत. आहेत. सुंदरकांडाच्या प्रचलित पाठातला सतरावा सर्ग काढून बघा. अशोकवनात सीतेभोवती बसलेल्या राक्षसींचं वर्णन तिथे आहे. कुणाला एकच डोळा, कुणाला एकच कान, कुणाचे पाय हत्तीचे. तोंडं डुकराची, हरणाची, म्हशीची, बकरीची, कोल्ह्याची आणि वाघाचीही. म्हणजे वाघ हा त्या गर्दीतला एक चेहरा. साऱ्या राक्षसजातीचं डोकं वाघाचं असतं असं वाल्मीकी कुठेही म्हणत नाहीत. उलट त्याच कांडात हनुमान लंकेत शिरतो तेव्हा त्याला कुरूप राक्षस दिसतात तसे देखणेही दिसतात, आणि घराघरांतून मंत्रपठणाचे आवाज ऐकू येतात. स्वाध्यायात गढलेले राक्षस! रावण पुलस्त्य ऋषींचा नातू. बिभीषण धर्मनिष्ठ. रावणाच्या पराभवाचं स्वप्न इतर राक्षसींना सांगून सीतेला धीर देणारी त्रिजटा राक्षसीच. महाभारतातली हिडिंबा सुंदर स्त्रीचं रूप घेऊन भीमासमोर येते आणि त्याच्याशी लग्न करते. एवढी माणसं एका वाघाच्या मुखवट्यामागे दडपली जातात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला राक्षस म्हटल्यावर तेवढा मुखवटाच आठवतो. मला खरी हळहळ याची वाटते.

खेळातली एक गोष्ट मात्र खरोखर आपल्याकडची आहे, ती म्हणजे रूप बदलणं. मारीच हरीण होतो, रावण संन्यासी होऊन दारात येतो. ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ या फुकट मिळणाऱ्या खेळातला राक्षस स्वतःच्या भासमान प्रतिकृती उभ्या करतो. त्यात वाल्मीकी थोडेफार सापडतात. उलट्या हाताला मात्र रामायण-महाभारतात आधार नाही. आपल्याकडे उलटी असतात ती पावलं, आणि तीही भुताची, हडळीची. ती लोकसमजूत आहे, पुराण नाही.

आणि वाघ? भोर-वेल्ह्याच्या या डोंगरांत वाघाला राक्षस ठरवणं मुळात विचित्र आहे. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटात वाघजाईचं देऊळ आहे. येणारी-जाणारी वाहनं तिथे थांबतात, लोक हात जोडतात. सह्याद्रीत ठिकठिकाणी वाघोबाची ठाणी आहेत. इथे वाघाची भीती होती, म्हणूनच त्याला देव मानून त्याच्याशी जमवून घेतलं गेलं.

मंतरलेल्या बाणाने राक्षस मरतो, ही दुसरी समजूतही त्याच टीव्ही मालिकेची देणगी. आपल्या कथांत राक्षसाचं मरण बहुतेकदा वराच्या शब्दांत दडलेलं असतं. रावणाने देव, दानव, यक्ष, नाग अशा सगळ्यांपासून अभय मागितलं आणि माणसांना गवताच्या काडीइतकंही मोजलं नाही. तिथेच तो सापडला. घटोत्कचाचं बळ रात्री वाढतं. म्हणून तर रात्रीच्या युद्धात कौरवसेना हवालदिल होते आणि कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली, एकदाच वापरता येणारी इंद्राची शक्ती घटोत्कचावर सोडावी लागते. खेळ रचणाऱ्याला याहून चांगला डाव कुठे मिळणार? वराचे शब्द नीट ऐकून त्यातली फट शोधायची, एकुलतं एक अस्त्र आत्ता वापरायचं की पुढे ठेवायचं ते ठरवायचं. एवढा ऐवज घरात असताना आपण बाणावर समाधान मानतो.

याहून खोलवर रुजलेला एक गैरसमज आहे : राक्षस-दैत्य म्हणजे फक्त मारून पुढे जायची वस्तू. खेळात तो मेला की गुण मिळतात आणि विषय संपतो. महाराष्ट्रात तो तसा संपत नाही. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं. चंपाषष्ठीचा सण त्याचाच. पण जेजुरीच्या गडावर मणीची मूर्ती आहे आणि तिची पूजा होते. मल्लाचं नाव तर मल्हारी या देवाच्या नावातच राहिलं. गावोगावी शिवेवर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात त्याचं नातं थेट महिषासुराशी जोडलं. त्याआधी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी म्हसोबा-खंडोबांना बळीराजाच्या राज्यव्यवस्थेतले अधिकारी मानलं होतं. पुरंदर तालुक्यातल्या वीरच्या म्हस्कोबाला भक्त काळभैरव समजतात. या तिन्ही मतांचं एकमेकांशी जुळत नाही, आणि अभ्यासक त्यावर वाद घालतील. पण ज्याला पुस्तकात असुर म्हटलं जातं त्याच्यापुढे नारळ फोडणारा समाज राक्षसाकडे नुसता शत्रू म्हणून पाहत नव्हता, एवढं तरी यातून मान्य करावं लागतं.

आता उरलेसुरले गैरसमज, थोडक्यात.

राक्षस, असुर, दैत्य, दानव सगळे एकच? नाहीत. दैत्य दितीचे, दानव दनूचे, रावणाचं कुळ पुलस्त्याचं. आणि ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही आदराने असुर म्हटलेलं आहे.

पाताळ म्हणजे आगीचा, अंधाराचा नरक? विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात नारद पाताळ पाहून येतात आणि ते स्वर्गाहून रम्य असल्याचं सांगतात. नरकांचं वर्णन तिथे वेगळं केलेलं आहे.

राक्षस जमिनीखाली राहतात? लंका त्रिकूट पर्वताच्या माथ्यावर, उघड्यावर, सोन्याने झळाळणारी होती. राम ती पाहतो सुवेल पर्वतावर चढून. राजगडाच्या पूर्वेकडच्या माचीचं नावही सुवेळा आहे.

‘तुंबाड’मधला हस्तर पुराणातला? नाही, २०१८ च्या चित्रपटाने रचलेली ती दंतकथा आहे. इतकी चांगली रचलेली, की लोक तिचा आधार ग्रंथांत शोधत बसतात.

असे खेळ फक्त परदेशी लोकच करतात? ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा २०२० साली आलेला खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा. त्यात एक मुलगी आपल्या भावासाठी महाबलासुराशी लढते, दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी असतात.

आणि राजगडावरून तोरण्याला जाणारं भुयार? ते गडावर शोधण्यात वेळ घालवू नका. मैलोगणती काळा कातळ फोडून असं भुयार काढल्याचा पुरावा नाही, आणि त्याची गरजही नव्हती, कारण हे दोन्ही गड डोंगराच्या सोंडेने जोडलेले आहेत. संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून बाहेर पडलं की सोंडेवरची वाट तोरण्याच्या बुधला माचीकडे जाते. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या. वाटेत सावली फार कमी आहे.