फणस कोंबडीहून महाग!

मार्च २०२०. लखनौच्या बाजारात फणस १२० रुपये किलो आणि चिकन ८० रुपये! चिकन खाल्लं की कोरोना होतो, अशी आवई मोबाइलवरून देशभर पसरली आणि खवय्ये फणसाच्या भाजीकडे वळले. अफवा साफ खोटी, पण तिने महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांचंही कंबरडं मोडलं. खाद्याचा खर्चही सुटेना, तेव्हा अनेकांनी पक्षी मिळेल त्या भावाला देऊन टाकले.

मास्कची तऱ्हा उलटी. एरवी जिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे, ती ही वस्तू १३ मार्चला जीवनावश्यक ठरली. २१ मार्चला केंद्राने भावच बांधून दिले: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १०, सॅनिटायझरची २०० मिलीची बाटली १००. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्याही सॅनिटायझर बनवू लागल्या.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते दुधाचं. टाळेबंदीत हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, लग्नंही नाहीत. मग एवढं दूध जाणार कुठे? संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या हाती लिटरला वीस रुपयेही पडेनात. शहरातल्या पिशवीचा दर मात्र होता तिथेच! शेवटी राज्य सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं. त्याचा आधार झाला, पण सगळ्यांना पुरला नाही. महामारीत सरसकट महागाई येते हा समज म्हणूनच खोटा. पुरवठ्याची साखळी कुठे तुटते, त्यावर कोण भरडला जाणार ते ठरतं.

कोकणातल्या बागायतदारांनी ही साखळीच ओलांडली. हापूसच्या पेट्या टेम्पोत भरून त्यांनी थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकावर उतरवल्या. मला हे त्या उन्हाळ्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं.

तेलाचं गणित आणखी अजब. २० एप्रिलला अमेरिकी कच्चं तेल पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं. आपल्याकडे मेमध्ये अबकारी कर वाढला आणि २४ जूनला दिल्लीत डिझेल चक्क पेट्रोलच्या वर गेलं.

आणि हे भाव टिपणारे? १९ मार्चपासून सरकारी कर्मचाऱ्यांचं बाजारात फिरणंच थांबलं. त्यामुळे महागाईचा एप्रिलचा एकूण आकडा वेळेवर निघालाच नाही. पुढे जुलैत तो आला, तोही काही भाव अंदाजाने भरून!