सांधा धरेपर्यंत

खुलताबादचा घाट उतरला की त्याच तालुक्याच्या हद्दीत वेरूळची लेणी लागतात. त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाला लोकांनी ‘सुतार का झोपडा’ असे नाव बहाल केले आहे. आणि स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेल्या तेथील भव्य बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार मंडळी तिच्या पूजेस येत, असा दाखला 19व्या शतकातील पुरातत्त्ववेत्त्यांनी नोंदवून ठेवला आहे. या नावाचे कारण मान वर करताच उमगते. कमानदार छताला ओळीने कोरलेल्या फासळ्या पाषाणाच्या खऱ्या, परंतु त्यांची घडण सर्वस्वी लाकडी इमल्याची आहे. कार्ल्याच्या चैत्यात अशाच फासळ्या अस्सल सागवानाच्या असून सुमारे दोन हजार वर्षे त्या आपली जागा धरून आहेत. वेरूळच्या शिल्पकाराने सातव्या शतकाच्या सुमारास लाकडाचे रूप तेवढे ठेवले आणि लाकडाची एक मोठी विवंचना मात्र आपोआप टाळली. कारण त्याची फासळी छताचेच अंग असल्यामुळे ती जोडावी लागली नाही, आणि जे जोडावे लागत नाही ते सरकतही नाही.

सुताराला ही सवलत नाही. दोन फळ्यांच्या कडा रंधून, त्या एकमेकींस भिडवून, मध्ये सरस किंवा फेविकॉल लावून शिकंजा आवळला की काम संपले, अशी त्रयस्थाची समजूत असते. परंतु ज्या द्रव्याने उद्या दोन लाकडे एकजीव व्हावयाची, तेच द्रव्य ओले असेपर्यंत वंगणाचे काम करते. त्यातच शिकंज्याचा दाब सांध्याशी काटकोनात नसेल, तर त्याचा काही अंश फळीला बाजूस ढकलण्यात खर्च होतो; स्क्रूचे तोंड फिरताना लाकडाला आपल्याबरोबर ओढते ते निराळेच. पाहता पाहता एक फळी दुसरीहून नखभर वर येते, आणि रंधून साधलेली पातळी पुन्हा रंधून साधावी लागते.

जुन्या सरसाच्या अमदानीत ही अडचण बरीच सौम्य होती. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघणारा हा पदार्थ आपल्याकडे फार प्राचीन असावा. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी एकात गाय, म्हैस व बकरा यांची शिंगे आणि म्हशीचे कातडे येते. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ केलेला सरस कडेला लावावा, दोन्ही कडा एकमेकींवर चारसहा वेळा घासाव्यात, आणि सरस निवत चालला की हाताला विरोध जाणवू लागताच थांबावे. लहानसहान सांध्याला मग शिकंज्याचीही गरज उरत नसे. 1959 साली मुंबईत सुरू झालेल्या कंपनीचा पांढरा फेविकॉल आल्यावर चूल आणि भांडे सुटले, परंतु निवताच धरणारा तो गुणही सुटला.

तेव्हा बंदोबस्त सुताराने स्वतः करावयाचा. मला सर्वांत पसंत असलेली तजवीज अगदी अल्पखर्ची आहे. एका फळीच्या कडेत, टोकांपासून थोड्या अंतरावर, दोन बारीक चुका अर्ध्याअधिक ठोकाव्यात आणि पक्कडीने त्यांची डोकी तिरपी कापून दोन-तीन मिलिमीटरची अणकुचीदार टोके तेवढी वर ठेवावीत. दुसरी फळी कोरडीच नेमक्या जागी धरून दाबली की टोकांच्या खुणा तिच्यात उमटतात. मग फेविकॉल लावून त्याच खुणांत फळी बसवली, म्हणजे शिकंजा कितीही ओढो, ती रेसभर हलत नाही. चुका मात्र पुढे करवत किंवा पटाशी जाणार नाही अशाच जागी माराव्यात. काही कारागीर फेविकॉलवर मिठाचे चार बारीक कण टाकतात; ते दोन्ही लाकडांत रुततात. वाळूनेही हेच साधते, पण तिने पुढे रंध्याचे पाते बोथट होते, म्हणून ती मी वर्ज्य मानतो.

शिकंजे मोजकेच असतील तेथे जाड पाटावर दोन बाजूंना पट्ट्या ठोकून, फळ्या मध्ये ठेवून, उलटसुलट घातलेल्या दोन पाचरी समोरासमोरून हळूहळू ठोकतात. अशा पाचरींचा दाब सरळ रेषेत येतो, आणि या कामी मी त्यांना लोखंडी शिकंज्याहून कमी लेखणार नाही. शिकंजे असल्यास एक खालून, एक वरून असे आळीपाळीने लावावेत, नाहीतर फळ्या कमानीसारख्या वाकतात. आणि आडव्या सरळ पट्ट्या मेण चोळून दोन्ही अंगांनी आवळाव्यात, म्हणजे कडा एका पातळीत राहतात.

सर्वांत दुर्लक्षित नियम धीराचा आहे. फेविकॉलचा पातळ, सारखा थर देऊन फळ्या हातानेच किंचित घासून बसवाव्यात, दोन-चार मिनिटे तशाच राहू द्याव्यात, आणि नंतर प्रत्येक शिकंजा थोडाथोडा, पाळीपाळीने आवळावा. एकच शिकंजा एकदम पूर्ण आवळणारा कारागीर फळी आपल्या हाताने सरकवतो, आणि जोर अतिरेकी असेल तर सांध्यातला फेविकॉलही पिळून काढतो. कडेवर सारख्या अंतराने बारीक थेंब उमटले की दाब पुरेसा झाला, असे समजावे. ते थेंब ओल्या फडक्याने पुसून लाकडाच्या रंध्रांत पसरवू नयेत, तासाभराने रबरासारखे झाले की पटाशीने अलगद उचलावेत.