डोक्यावरचा दिवा काय सांगत नाही?

सुरगाण्यातल्या एका शाळेत शिक्षकांसाठी आम्ही दोन दिवसांचं प्रयोग-शिबिर घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकरावीतला एक मुलगा नवी कोरी हेडटॉर्च घेऊन आला. आठवडे बाजारातून दोनशे रुपयांना आणलेली. खोक्यावर लिहिलं होतं, ‘९००० लुमेन’. त्याचा प्रश्न सरळ होता : “सर, जुन्या खाणीत शिरायला ही चालेल का?” जुन्या बंद खाणींमध्ये फिरणाऱ्या लोकांच्या चित्रफिती त्यानं मोबाइलवर पाहिल्या होत्या.

सुरगाणा तालुक्यात अशा जुन्या खाणी नाहीत. इथला सगळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा, आपला काळा कातळ. कोळसा मिळतो तो चंद्रपूर-यवतमाळकडे, मँगनीज नागपूर-भंडाऱ्याकडे. तरीही त्या मुलाचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. तो का, ते पुढे येईलच. आधी त्याच्या दिव्याची परीक्षा करू या.

आपल्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. घोटाळा नको म्हणून या लेखात दिव्याला दिवा आणि त्याच्या आतल्या बॅटरीला सेल म्हणू.

खोक्यावरचे आकडे

दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, ते लुमेनमध्ये मोजतात. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळा लेप असतो. निळ्याचा काही भाग पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. चांगली एलईडी एका वॉटमागे १०० ते १५० लुमेन प्रकाश देते. आपण हिशेबाला १०० धरू.

मग ९००० लुमेनसाठी किती वॉट लागतील? ९०. मुलाच्या दिव्यात पेन्सिल सेलपेक्षाही बारीक असे तीन सेल होते. आम्ही मल्टिमीटर त्यांच्याशी एकसर जोडणीत लावला. प्रवाह भरला ०.२ अँपिअर. तीन सेलांचे मिळून साडेचार व्होल्ट. म्हणजे ०.९ वॉट, म्हणजे फार तर ९० लुमेन. खोक्यावरच्या आकड्यात दोन शून्यं जास्त होती! हा प्रयोग वर्गात जरूर करा. मात्र साध्या सेलांवर चालणाऱ्या दिव्यावरच करा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवा. लिथियम सेल चुकून शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो.

दुसरा हिशेब वेळेचा. बोटभर लांबीचा, १८६५० या नावानं मिळणारा लिथियम सेल ३.७ व्होल्टचा असतो. त्याची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास असेल, तर त्यात ३.७ × ३ = ११.१ वॉट-तास ऊर्जा मावते. वॉटला १०० लुमेन या दरानं ही झाली सुमारे ११०० ‘लुमेन-तासांची’ शिदोरी. ती कशीही खर्च करा : १०० लुमेननं अकरा तास, किंवा १००० लुमेननं जेमतेम एक तास. ‘१००० लुमेन’ आणि ‘१० तास’ हे दोन्ही आकडे एकाच खोक्यावर असले, तर ते एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. याच आकाराच्या सेलवर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेलं दिसलं, तर तो सेल दुकानातच ठेवावा. एवढ्या आकारात साडेतीन-चार हजारांहून जास्त मावत नाही.

दिवा जितका लहान, तितकी शिदोरी लहान. शिवाय लहानशा दिव्याला स्वतःची उष्णता बाहेर टाकायला पुरेसा पृष्ठभाग नसतो. म्हणून छोटे पण प्रखर दिवे काही मिनिटांतच आपला प्रकाश आपोआप कमी करून घेतात. ‘किती तास चालतो’ या आकड्यातही एक खोच आहे. २००९ सालापासून टॉर्चसाठी वापरात असलेल्या अमेरिकी मानकानुसार, प्रकाश सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ मोजतात. तेव्हा ‘सहा तास’ म्हणजे सहा तास सारखाच लख्ख उजेड असं समजू नये.

प्रकाश किती, आणि कुठे?

समजा, आपल्याकडे खरोखरचे १०० लुमेन आहेत. ते ९० अंशांच्या रुंद शंकूत पसरले, तर तीन मीटरवरच्या भिंतीवर सहा मीटर व्यासाचं वर्तुळ उजळेल आणि तिथे सुमारे ६ लक्स प्रकाश पडेल. तेच १०० लुमेन २० अंशांच्या अरुंद शंकूत कोंबले, तर वर्तुळ एक मीटरचं आणि प्रकाश सुमारे ११५ लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पाव लक्सच्या आसपास प्रकाश असतो. रुंद झोताचा प्रकाश चांदण्याइतका मंद होतो सुमारे १५ मीटरवर, तर अरुंद झोताचा ६५ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम इथे कामाला येतो.

खाणीच्या बोगद्यात, गुहेत किंवा विहिरीत भिंत चार पावलांवरच असते. तिथे पाय कुठे ठेवायचा आणि हात कशाला धरायचा, हे एकाच वेळी दिसायला हवं. म्हणून तिथे रुंद झोत हवा. लांबचं पाहायचं तेव्हापुरता अरुंद झोत पुरतो. चुन्यानं रंगवलेली भिंत पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवते. आपला काळा कातळ जेमतेम १० टक्के. घराच्या खोलीत लख्ख वाटणारा दिवा कातळात मिणमिणता का वाटतो, ते यावरून समजेल. दिव्याची परीक्षा घरात न करता रात्री काळ्या दगडाच्या बांधापाशी करावी.

आणखी एक गंमत करून बघा. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर थोडी खडी पसरा. दिवा कपाळावर ठेवून बघा; मग तोच हातात, गुडघ्याजवळ धरून बघा. कपाळावरचा दिवा आणि डोळे जवळजवळ एकाच रेषेत असतात. त्यामुळे प्रत्येक खड्याची सावली त्याच्यामागे लपते आणि उंचसखलपणा कळत नाही. दिवा खाली येताच सावल्या लांबतात, खाचखळगे उठून दिसतात. धुक्यातही तसंच. कपाळावरचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. पावसाळ्यात हातगडाच्या वाटेवर असा पडदा आडवा आला, तर दिवा कमरेशी धरावा.

एवढ्यावरून निवड सोपी होते. खरे १०० ते २०० लुमेन, रुंद आणि अरुंद असे दोन्ही झोत, पाच-दहा लुमेनची मंद पायरी, बदलता येणारे सेल, आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. पाण्याशी संबंध येणार असेल, तर खोक्यावर आयपीएक्स-७ ही खूण बघावी. असा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून संरक्षण. गुहांचा अभ्यास करणारे लोक प्रत्येकी तीन स्वतंत्र दिवे जवळ बाळगतात, कारण अंधारात दिवा गेला की वाट गेली.

शिपाईकाकांचा प्रश्न

आमचं हे सगळं सांगून झालं. शाळेचे शिपाईकाका इतका वेळ दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “आमचा बाप विहिरीचा गाळ काढायला उतरायच्या आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी काम बंद. आता पोरं ही बॅटरी कपाळाला लावतात आन् सरळ उतरतात. ही बॅटरी विझंल का, सर?”

नाही विझणार. आमच्या सगळ्या हिशेबात न आलेली गोष्ट काकांनी एका वाक्यात मांडली होती.

सुरगाण्यात खाण नसली तरी खाणीसारखी जागा आहे : विहीर. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं. गाळ काढायला माणसं खाली उतरतात. कुजणारा पालापाचोळा आणि मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेच्या दीडपट जड. खोल, अरुंद, वारा न लागणाऱ्या जागी तो साचून राहतो. बंद पडलेल्या खाणीत हेच घडतं. तिथे कुजणारं लाकूड, उघडा पडलेला कोळसा आणि गंधकयुक्त खनिजं हवेतला प्राणवायू हळूहळू खाऊन टाकतात.

साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की कंदिलाची ज्योत विझते. त्याच सुमारास माणसाची विचारशक्ती मंदावू लागते; १० टक्क्यांच्या खाली माणूस पाहता पाहता बेशुद्ध होतो. आपल्याला ‘गुदमरतंय’ असं वाटतं ते मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. नुसता प्राणवायू कमी असेल, तर शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही.

दिव्याचं दुसरं काम

खाणकामगारांना ज्योतीचा हा गुण फार पूर्वीपासून माहीत होता. मात्र कोळशाच्या खाणीत उघडी ज्योत म्हणजे मृत्यूला बोलावणं, कारण तिथे मिथेन असतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असला की ठिणगीनं स्फोट होतो. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधल्या फेलिंग इथल्या खाणीत अशाच स्फोटात ९२ जण मेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८१५ मध्ये, हंफ्री डेव्हीनं ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्योत बाहेर पडून बाहेरचा वायू पेटवत नाही. शिवाय मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसते. प्राणवायू कमी असला की ज्योत खाली बसते आणि विझते. एकच दिवा उजेडही द्यायचा आणि हवेची खबरही.

१९१४-१५ च्या सुमारास एडिसनच्या कंपनीचा टोपीवरचा विजेचा दिवा आला. सेल कमरेला, दिवा डोक्यावर. उजेड भरपूर, हात मोकळे. पण तो हवेबद्दल मुका होता. म्हणून खाणींनी विजेचे दिवे घेतले तरी हवा तपासायला ज्योतीचा दिवा बराच काळ सोबत ठेवला. पुढे वायुमापक यंत्रं आली. आज कामगाराच्या डोक्यावर प्रमाणित दिवा असतो आणि हवा मोजायचं काम वेगळं यंत्र करतं. बाजारातली हेडटॉर्च अशा खाणीत मुळीच चालत नाही. मिथेन पेटवायला मिलिज्यूलच्या एक तृतीयांशाहूनही लहान ठिणगी पुरते, आणि तेवढी साध्या बटणातूनही उडू शकते.

वर्गात करून बघा

आम्ही शिबिरात तिथल्या तिथे हा प्रयोग केला. पंधरा लिटरच्या बादलीत स्टीलचा पेला पालथा ठेवून त्यावर छोटी मेणबत्ती लावली. शेजारी दुसऱ्या पेल्यावर त्या मुलाची हेडटॉर्च, चालू करून. मग बादलीच्या तळाशी ३० ग्रॅम खायचा सोडा टाकून त्यावर अर्धा लिटर व्हिनेगर हळूहळू ओतलं. सात-आठ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, अर्धी बादली भरेल एवढा. फेस फसफसला, ज्योत लवली आणि विझली. शेजारची हेडटॉर्च तशीच लख्ख जळत होती.

वर्ग गप्प झाला. बादलीत वाकून बघणाऱ्या त्या मुलाला आम्ही विचारलं, “आता सांग, आत उतरायचं की नाही, हे तुला कोणता दिवा सांगेल?”

मग करायचं काय?

कंदील विझला तर उतरायचं नाही, हे नक्की. पण कंदील जळत राहिला म्हणून उतरावं, हे मात्र नक्की नाही. कार्बन मोनॉक्साइडचा ज्योतीवर परिणाम दिसायच्या आधीच माणूस दगावतो. विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजिन हाच वायू सोडतं. म्हणून इंजिन चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना आत जाऊ नये. मैल्याच्या टाकीत किंवा गटारात तर ज्योत सोडूच नये, तिथे मिथेन असू शकतो. खात्रीचा उपाय एकच : प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वालाग्राही वायू मोजणारं यंत्र. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ते इशारा देतं.

पाल्याची मोठी फांदी दोराला बांधून विहिरीत वरखाली करत राहायची जुनी पद्धत आहे. तिनं हवा घुसळली जाते, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. पण त्यानंतरही हवा पुन्हा तपासायची. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर हवा आणि तो ओढणारी दोन माणसं वर हवीत. आणि सर्वांत महत्त्वाचं : आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. अशा अपघातांत पुष्कळदा एकामागून एक दोघं-तिघं जातात, ती वाचवायला उतरलेलीच असतात. वरून दोर ओढा, मदत बोलवा, ११२ वर फोन करा.

आणि बंद खाण? यंत्र आणि जाणकार सोबत नसतील तर तिच्या तोंडाशीच थांबायचं, दिवा कितीही लुमेनचा असो.

संध्याकाळी निघताना तो मुलगा फाटकाशी भेटला. हेडटॉर्च कपाळावर होतीच. हातात शाळेच्या अडगळीतून शोधून आणलेला जुना कंदील होता, काच पुसून लख्ख केलेला. “काकांच्या विहिरीचा गाळ काढायचाय परवा,” तो म्हणाला. “आधी हा सोडतो खाली.”

आम्ही म्हटलं, “आणि तो जळत राहिला तरी?”

“तरी दोर बांधूनच, सर. आणि इंजिन बंद.”