वऱ्हाडात प्रोसेसर किती थंड हवा?

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. अमरावती-अकोल्याला असा मे नवा नाही. पण लग्नसराईही त्याच दिवसांतली, आणि फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत फोर-के व्हिडिओंचं एडिटिंग तेव्हाच जोरात असतं. दुपारी एक्स्पोर्ट लावला की पंखे किंचाळू लागतात, सकाळी अर्ध्या तासात होणारं काम तास खातं. मग दुरुस्तीच्या दुकानात हमखास विचारणा होते, ‘भाऊ, पीसी लय तापून राह्यला, लिक्विड कूलर बसवू का?’

मोठ्या रेडिएटरचा चांगला लिक्विड कूलर दहा ते वीस हजारांना पडतो. माझ्या मते वऱ्हाडातल्या बहुतेकांनी तो बसवू नये.

कारण साधं आहे. पंख्याचा असो की पाण्याचा, कूलर प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. समजा प्रोसेसर १०० वॅट खातो आणि दोन-तीन हजारांचा टॉवर कूलर दर वॅटमागे ०.३ अंशाची वाढ होऊ देतो. म्हणजे खोलीच्या वर ३० अंश. खोली ४३ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७३ वर जाईल. महागडा कूलर हीच वाढ २० अंशांवर आणेल आणि प्रोसेसर ६३ वर राहील. मात्र तोच जुना टॉवर कूलर ३० अंशांच्या खोलीत ठेवला तर प्रोसेसर ६० वरच थांबतो. आपल्याकडे खरा शत्रू खोली आहे, आणि तिच्यावर खर्च केला तर माणसालाही गारवा मिळतो.

शिवाय ७३ अंश हा प्रोसेसरचा ताप नव्हे. इंटेलच्या आय-९ १४९००-के ची मर्यादा १०० अंशांची आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची ९५ ची. तिथवर पोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. काम लांबतं ते त्यामुळे. मर्यादेच्या बऱ्याच खाली असलेल्या प्रोसेसरला आणखी थंड केलं तरी वेगात फारसा फरक पडत नाही.

मग दुपारी काम का रखडतं? कॅबिनेटची बाजू उघडून बघा. पंखा काढला की हीटसिंकच्या पात्यांवर धूळ आणि कापसाच्या तंतूंची जाड चादर दिसते. कपाशीच्या मुलखात ती बसणारच. हवा आत शिरायलाच जागा नसते. हीटसिंक उचलला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारायचा, कारण हवेच्या जोराने तो गरगरला तर खराब होऊ शकतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची. काही शेकड्यांत होणारं हे काम. पंधरा हजार खर्च करण्याआधी ते केलंच पाहिजे.

दुसरा उपाय फुकटचा आहे. प्रोसेसरची वीज त्याच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटच्या थोड्या वेगासाठी तो भरमसाट वीज खातो. १४९००-के ची मूळ मर्यादा १२५ वॅटची, पण टर्बोमध्ये ती २५३ वॅटपर्यंत जाते. बायोसमध्ये जाऊन ही मर्यादा खाली आणली, किंवा रायझनमध्ये इको मोड लावला, तर उष्णता मोठ्या प्रमाणात उतरते आणि वेग त्या मानाने थोडाच. मे महिन्यात हा सौदा करावाच.

पाण्याचा कूलर घेतलाच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. टॉवर कूलरचा पंखा जाता जाता प्रोसेसरभोवतीच्या व्होल्टेज सर्किटवरही वारा घालतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला गेला की तो वारा बंद होतो आणि मदरबोर्ड तापत राहतो. काही जण हौसेने स्वतःच नळ्या जोडून कस्टम लूप बांधतात. त्यात बोअरचं पाणी चुकूनही घालू नये. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे; तिथल्या पाण्यातले क्षार तांब्या-निकेलच्या बारीक खाचांत बसतात आणि धातूही खातात. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणंही याच कारणासाठी वाईट. त्या ओलाव्याबरोबर क्षार बोर्डावर येतात.

याही पुढची पायरी द्रव नायट्रोजनची, उणे १९६ अंशांची. तो वऱ्हाडाला परका नाही. गुरांच्या दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्यातच ठेवलेल्या असतात. वेगाचे जागतिक विक्रम करणारे त्याहून थंड द्रव हेलियमपर्यंत जातात. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० तसाच ८.४२९ गिगाहर्ट्झवर नेला गेला, आणि २०२४ मध्ये इंटेलच्या १४९००-केएस ने ९.१ गिगाहर्ट्झ ओलांडले. मोठं कौशल्य आहे ते, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण तो वेग काही क्षणांचा असतो. द्रव उकळून उडून जातो, बोर्डावर बर्फ धरतो. खोलीपेक्षा थंड करणाऱ्या चिलरचीही हीच अडचण: जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नळ्यांवर दव साचतं आणि शॉर्ट सर्किटची भीती राहते.

थंडाव्याने सगळं बरं होतं, हा समजही २०२४ मध्ये खोटा ठरला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले अनेक प्रोसेसर बिघडू लागले. मूळ दोष जादा व्होल्टेजचा निघाला. कंपनीने मायक्रोकोड बदलला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. महागडे कूलर लावूनही तो दोष जाणार नव्हता.

द्रवाने थंड करणं परवडतं ते वेगळ्या ठिकाणी. १९८५ च्या क्रे-२ महासंगणकाची सर्किटं फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. भारताचा परम ८००० सी-डॅकने १९९१ मध्ये घडवला, तो मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. त्याच मालिकेतल्या, पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मात चिपांना टेकलेल्या प्लेटांमधून द्रव खेळवतात. कपाटात शेकडो प्रोसेसर दाटीने बसवले आणि ते रात्रंदिवस चालवले की तिथे हवा पुरत नाही. द्रव वापरल्याने थंडाव्यावरची वीजही वाचते. एका टेबलावरच्या एका प्रोसेसरला हा हिशेब लागू पडत नाही.

उरलेले पैसे कुठे घालायचे, तेही सांगतो. यूपीएसमधल्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. टेबलाखाली तापणारी यूपीएस प्रोसेसरच्या कितीतरी आधी दम तोडते आणि एडिट अर्धवट असताना वीज गेली की आख्खा दिवस बुडतो. म्हणून एप्रिलच्या आत कॅबिनेट साफ करून घ्या, पेस्ट बदला, वॅटची मर्यादा उतरवा, यूपीएस खोलीच्या गार कोपऱ्यात ठेवून तिची बॅटरी तपासा, आणि मोठे रेंडर रात्री दहानंतर लावा. एवढं करूनही प्रोसेसर मर्यादेला टेकत असेल, तरच लिक्विड कूलरच्या दुकानात जा.