गाठ मानेत, बेत वर्षभराचे

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावातून शिकून बाहेर पडलेले डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेत ओहायो राज्यातील अथेन्स या छोट्या गावी मूत्ररोगाचे शल्यचिकित्सक म्हणून स्थिरावले. तेरा भावंडांतले एक. आईच्या नावाने त्यांनी उमरखेडला महाविद्यालय उभे राहण्यास हातभार लावला. सत्तरी ओलांडली तरी त्यांच्या शस्त्रक्रिया चालू होत्या आणि टेनिसही चालू होते. मान दुखायची, मग डाव्या हाताच्या बोटांची टोके बधिर वाटू लागली. वयाचा मणक्याचा त्रास असेल, असे वाटले. २००६ मध्ये एमआरआय झाला तेव्हा मानेतल्या मज्जारज्जूच्या आत गाठ दिसली. मेंदूच्या तळापासून खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीपर्यंत ती पसरलेली होती.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. हात उचल, पाऊल टाक, श्वास घे, हे मेंदूचे सगळे हुकूम एवढ्याशा दोरीतून खाली जातात. गाठ या दोरीच्या बाहेर असेल तर ती सोडवून काढता येते. आत असेल तर दोरीच चिरावी लागते आणि गाठीचे धागे कुठे संपतात व चांगल्या नसा कुठे सुरू होतात, हे सूक्ष्मदर्शकाखालीही नेहमी कळत नाही. शस्त्रक्रिया केली तर हातपाय जाऊ शकतात. केली नाही, तर वाढत्या गाठीने तेच होऊ शकते.

त्यांनी दोन शल्यचिकित्सकांचे मत घेतले. बोस्टनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लगेच करावी असे सांगितले. क्लीव्हलंड क्लिनिकचे डॉ. एडवर्ड बेंझेल यांनी मात्र आधी रुग्णाला विचारले, तुम्हाला काळजी नेमकी कशाची वाटते? सगळे ऐकून घेतल्यावर त्यांचे मत पडले की शस्त्रक्रियेची घाई नाही, त्रास वाढेपर्यंत थांबता येईल. एकच फिल्म, एकच रुग्ण, आणि दोन अनुभवी डॉक्टरांची मते वेगळी. लोकांना वाटते यातला एक चुकला असणार. तसे असेलच असे नाही. एक एमआरआय म्हणजे एक फोटो. नदीच्या एका फोटोवरून पाणी चढते आहे की ओसरते आहे हे सांगता येत नाही, त्यासाठी काही वेळाने दुसरा फोटो काढावा लागतो. गाठ किती वेगाने वाढते आहे, हे २००६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते.

गावंडे यांनी थांबायचे ठरवले, पण ते हातावर हात ठेवून बसणे नव्हते. ठरावीक काळाने तपासणी होत होती आणि कोणता त्रास सुरू झाला की शस्त्रक्रियेला तयार व्हायचे, याचा अंदाज त्यांनी मनाशी बांधला होता. मधल्या काळात त्यांनी आपले काम सोडले नाही. हाताची संवेदना आणखी कमी झाली तेव्हा शस्त्रक्रिया बंद केल्या आणि तोच वेळ रोटरीला दिला. रोटरीचे प्रांतपाल म्हणून निवडून आले, प्रांतातल्या पन्नासहून अधिक क्लबांना भेटी देण्याचा चंग बांधला. मानेत गाठ घेऊन एक माणूस पुढच्या वर्षीच्या बैठकांच्या तारखा ठरवत होता, ही गोष्ट वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही.

आजाराचे नाव कळले की रुग्णाला पहिल्यांदा हवा असतो तो आकडा. ‘किती दिवस आहेत?’ या आकड्याचे नीट वाचन करून दाखवले ते हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी. १९८२ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांना पोटाच्या आतल्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला. त्याचा संबंध अॅस्बेस्टॉसशी जोडला जातो. वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले, निदानानंतरचा मध्यक आठ महिने. मध्यक आपण दहावीच्या गणितात शिकतो आणि परीक्षा संपली की विसरतो. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले निम्मे त्यापुढे जगतात आणि किती पुढे, याबद्दल मध्यक काहीच बोलत नाही. डाव्या बाजूला आलेखाला शून्याची भिंत असते, उजव्या बाजूला मात्र त्याची शेपटी कितीही लांबू शकते. आपण त्या शेपटीत असण्याची शक्यता बरी आहे, असा हिशेब गूल्ड यांनी मांडला. वय कमी, निदान लवकर झालेले, उपचार उत्तम. शस्त्रक्रिया आणि त्या काळी प्रायोगिक असलेले उपचार त्यांनी घेतले. पुढे वीस वर्षे ते जगले, लिहीत राहिले, आणि २००२ मध्ये चौदाशेहून अधिक पानांचा आपला मोठा ग्रंथ छापून आल्यावर काही आठवड्यांनी वारले. तो कर्करोग वेगळा होता.

प्रत्येकाचे असेच होईल, असे यातून कोणी काढू नये. शेपटी लांब असते, पण बारीक असते. जिद्दीने कर्करोग बरा होतो, असे सांगणाऱ्या संदेशांनी अनेक रुग्णांवर उगाच अपराधाचे ओझे टाकले आहे. गाठ वाढली म्हणजे आपणच कमी पडलो, असे त्यांना वाटते.

आकडा सांगणाऱ्या डॉक्टरांचेही काही खरे नाही. शिकागोत शेवटच्या टप्प्यातील ४६८ रुग्णांबाबत डॉक्टरांना अंदाज विचारण्यात आला होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम पाचातला एक अंदाज बरोबर निघाला. ६३ टक्के अंदाज वास्तवापेक्षा जास्त होते, म्हणजे डॉक्टर आशेच्या बाजूला चुकले. माणूस ओळखीचा झाला की हे अधिक होते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक वळण आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मुलगा वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवतो, रिपोर्ट घेऊन एकटा आत येतो आणि पहिले वाक्य बोलतो, ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका.’ यामागे माया असते. पण त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय आहे, हे मुलालाही ठाऊक नसते. पेरणी उरकायची असेल, धाकटीचे लग्न असेल, सातबाऱ्यावर भावांची नावे लावायची असतील, पंढरीची वारी चुकवायची नसेल. कोणाला कसाही का होईना, जास्त काळ हवा असतो. कोणाला कमी चालेल पण घरी आणि शुद्धीत हवा असतो. एकाच आजारावर या दोघांचा उपचार एक नसतो. बाकावरच्या माणसाला विचारले नाही तर डॉक्टर जो उपचार लिहितो तो रिपोर्टसाठी असतो.

विचारायला फार वेळ लागत नाही. तुम्हाला आजाराबद्दल काय समजले आहे, भीती कशाची वाटते, काय करायचे राहिले आहे, त्यासाठी किती त्रास सोसायची तयारी आहे. हे विचारले की रुग्ण खचतो, ही समजूत मात्र पक्की आहे. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी आणि अशा गोष्टी बोलणारी सेवा मिळाली. त्यांच्यात नैराश्य कमी आढळले, आणि मध्यक ११.६ महिने निघाला, बाकीच्यांचा ८.९.

एक इशारा इथे हवाच. गावंडे यांचे थांबणे दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतरचे होते. छातीत कळ येते आहे, स्तनात गाठ लागते आहे, दोन आठवडे खोकला हटत नाही, आणि घरात लग्न आहे म्हणून महिनाभर थांबू, याला ठरवून थांबणे म्हणत नाहीत. निदान आधी करायचे. बेत त्यानंतर.

२०१० मध्ये हातापायांची ताकद गेल्यावर गावंडे यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. त्याआधी मुलाने, म्हणजे शल्यचिकित्सक व लेखक अतुल गावंडे यांनी, त्यांना ते अवघड प्रश्न विचारले. लुळे होऊन यंत्रावर पडून राहण्याची भीती त्यांना मरणापेक्षा मोठी होती. तपासणीत गाठ हळू वाढणाऱ्या जातीची निघाली. पुढचा अंदाज मात्र चुकला: रेडिएशनने फायदा होईल असे वाटले होते, तो झाला नाही, उलट त्रास वाढला आणि गाठही वाढली. मग त्यांनी घरीच राहून शुश्रूषा घेण्याचा मार्ग निवडला. वेदनेची औषधे नीट बसल्यावर ते मित्रांना बोलावू लागले, जेवणात काय हवे ते सांगू लागले. ओहायो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात मुलाचे भाषण होते. तिथे ते बास्केटबॉलच्या मैदानावरून चालत गेले आणि पायऱ्या चढून आपल्या जागेवर जाऊन बसले. ऑगस्ट २०११ मध्ये ते वारले. अस्थी मुलाने वाराणसीला नेऊन गंगेत सोडल्या.