पिल्लू का ओकते?

मुळशी तालुक्यात कुत्रे नाही असे घर शोधावे लागेल. भातखाचरात रानडुकरे शिरतात. गोठ्याच्या आसपास बिबट्या येतो. रात्री पहिली चाहूल लागते ती कुत्र्याला. धनगरवाड्यावर तर कुत्र्यावाचून भागतच नाही. म्हणून कुणाची कुत्री व्याली की लोक एखादे पिल्लू मागून आणतात. घरातली पोरे त्याला दूध पाजतात, भाकरी चारतात. आणि एक दिवस पिल्लू खाल्लेले सगळे भडाभडा ओकून टाकते.

"काय झालं ह्याला?" घरातले विचारतात. कुणी म्हणते, नजर लागली. कुणी म्हणते, हळद-तेल पाजा. आणि एखादा म्हातारा म्हणतो, "कुत्रंच ते. ओकायचंच."

म्हाताऱ्याच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. कुत्र्याला ओकणे सोपे जाते. व्यालेली कुत्री कधी कधी बाहेरून खाऊन येते आणि पिल्लांपुढे ओकते. पिल्ले ते आवडीने खातात. लांडगीही असेच करते. तो रोग नव्हे, ती भरवण्याची रीत आहे. पण पिल्लू स्वतः ओकू लागले तर मात्र पाहावे लागते. कधी ती गोष्ट काहीच नसते. कधी दोन दिवसांत पिल्लू जाते. यातले कोणते काय, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी आधी औषध शोधू नका. आधी नीट पाहा.

ओकण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पिल्लू आधी बेचैन होते. लाळ गाळते, ओठ चाटते. मग त्याचे पोट आत-बाहेर हलते. दोन-चार वेळा उमाळे येतात आणि मग ओकारी पडते. ती आंबूस असते. कधी पिवळी असते, म्हणजे तिच्यात पित्त असते. हे अन्न पोटातून आले. ही खरी उलटी.

दुसऱ्या प्रकारात यातले काही होत नाही. पिल्लू खाते, मान खाली घालते, आणि घास जसा गेला तसाच बाहेर येतो. पोट हलत नाही. भाकरीचा तुकडा तुकड्यासारखाच दिसतो, फक्त वर लाळ आणि बुळबुळीत फेस असतो. कधी तो नळीसारखा लांबट होऊन पडतो. हे अन्न पोटात पोचलेच नव्हते. ते वाटेतूनच परत आले.

ही वाट म्हणजे अन्ननळी. आपल्याला वाटते, घास गिळला की विहिरीत दगड पडावा तसा तो पोटात पडतो. तसे नाही. म्हशीची धार काढताना आपण सडावर वरून खाली बोटे दाबत आणतो, तेव्हा दूध येते. अन्ननळी तशीच घासाला दाबत दाबत पुढे नेते. त्यातून कुत्रा खातो तो मान खाली घालून. म्हणजे त्याच्या घासाला आधी चढ चढावा लागतो. नळी धड असेल तर हे काम सहज होते. काही पिल्लांची नळी जन्मापासून ढिली असते. ती फुगून पिशवीसारखी होते आणि अन्न तिच्यातच साठून राहते.

आणखी एक जन्माचा दोष आहे. पिल्लू आईच्या पोटात असताना त्याच्या हृदयाजवळ रक्तवाहिन्यांच्या कमानी असतात. त्यांतल्या काही राहतात, काही जिरून जातात. एखाद्या पिल्लात जिरायची ती राहते आणि राहायची ती जिरते. मग अन्ननळीभोवती एक कडे तयार होते. नळी त्यात आवळली जाते. असे पिल्लू आईचे दूध पिते तोवर कुणाला काही कळत नाही, कारण पातळ पदार्थ त्या फटीतून जातो. भाकरी सुरू केली की ओकणे सुरू होते. भावंडे वाढतात, हे मात्र हडकुळे राहते. भूक मात्र राक्षसाची. ओकलेले पुन्हा खाते. लोक म्हणतात, किडके आहे, सोडून द्या. पण वेळीच डॉक्टरला दाखवले तर शस्त्रक्रिया करून हे कडे कापता येते. ते काम पुण्या-मुंबईच्या मोठ्या जनावरांच्या दवाखान्याचे. खर्च आहे, धोकाही आहे. पण पिल्लू किडके नाही, त्याच्या घशाला फास आहे, एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे.

ढिल्या नळीच्या पिल्लाला एक साधा उपाय आहे. त्याची थाळी उंचावर ठेवा. पुढचे पाय पाटावर किंवा पायरीवर, आणि तोंड वर. खाणे पातळ करून थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्या. खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे त्याला तान्ह्या मुलासारखे उभे धरा. चढाचा उतार झाला की अन्न आपोआप खाली जाते. असे पिल्लू खोकू लागले, अंगात ताप भरला, तर थांबू नका. अन्न फुप्फुसात गेले असण्याची शक्यता असते.

आता बहुतेक पिल्लांची गोष्ट. त्यांची नळी चांगली असते, ती अधाशी असतात एवढेच. चार पिल्लांपुढे एकच थाळी ठेवली की जो तो न चावता गिळतो आणि फुगलेले पोट ते परत फेकते. अशी पिल्ले ओकल्यावर लगेच खेळू लागतात. त्यांना निरनिराळ्या थाळ्या द्या. थाळीत एक मोठा गुळगुळीत गोटा ठेवा, तोंडात मावणार नाही एवढा. त्याच्या भोवतीचे वेचून खाताना पिल्लाचा वेग कमी होतो. पाण्याचेही तसेच. उन्हात धावून आलेले पिल्लू घटाघटा पाणी पिते आणि फेसासकट ओकते. त्याला आधी सावलीत दम खाऊ द्या. मग थोडे थोडे पाणी द्या.

दुधाबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. कुत्रीचे दूध गाई-म्हशीच्या दुधासारखे नसते. गाईच्या दुधात साखर जास्त असते आणि ती पुष्कळ पिल्लांना पचत नाही. वाटीभर दूध पाजले की पिल्लू हगते, कधी ओकते.

पोट नगाऱ्यासारखे आणि फासळ्या मात्र दिसतात, असे पिल्लू तुम्ही पाहिले असेल. ते धष्टपुष्ट नसते. त्याच्या पोटात जंत असतात. कधी ओकारीत ते शेवयांसारखे वळवळताना दिसतात. पिल्लू एवढेसे, घरातून बाहेर पडलेले नाही, मग जंत आले कुठून? आईकडून. कुत्रीच्या अंगात जंतांची बारीक पिल्ले निपचित पडून असतात. ती गाभण झाली की ती जागी होतात आणि गर्भात शिरतात. पुढे दुधातूनही जातात. म्हणून जवळजवळ प्रत्येक पिल्लू जंत घेऊनच जन्मते असे धरून चालावे. पंधरा दिवसांचे झाले की जंताचे औषध द्यावे आणि तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यावे. औषध पिल्लाच्या वजनावर ठरते. ते डॉक्टरला विचारूनच द्या.

या जंतांचा संबंध आपल्या मुलांशीही आहे. पिल्लाच्या विष्ठेतून अंडी मातीत मिसळतात. मूल मातीत खेळते, हात तोंडात घालते. अंडी पोटात गेली तर जंत मुलाच्या शरीरात भटकतात आणि क्वचित डोळ्यालाही इजा करतात. अंगणातली विष्ठा रोज उचलून खोल पुरावी. मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावावे.

पावसाळ्यात आमच्या भागात मोठे खडबडीत अंगाचे बेडूक निघतात. पिल्लू खेळ म्हणून ते तोंडात धरते. बेडकाच्या कातडीतून विषारी चीक निघतो. पिल्लाच्या तोंडाला फेस येतो, ते ओकते. अशा वेळी ओल्या फडक्याने त्याचे तोंड आणि हिरड्या पुसून काढा आणि डॉक्टरकडे न्या. ताम्हिणीला आणि धरणाकडे सहलीला येणारे लोक मटणाचा वास लागलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून जातात. त्याही पिल्लू गिळते. आंब्याची कोय, चिंधी, कोंबडीचे शिजलेले हाड, काहीही आतड्यात अडकते. कधी आतडेच सदऱ्याच्या दुमडलेल्या बाहीसारखे एकात एक शिरते. मग पाणीसुद्धा ठरत नाही. हे घरी बरे होत नाही.

उंदराच्या औषधाचे वेगळे सांगतो. भाताच्या कणगीजवळ लोक काळपट भुकटी पिठात मिसळून ठेवतात. ते झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आंबटाशी त्याची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो. ओकारीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. अशा पिल्लाला दूध किंवा भाकरी देऊ नका. खाणे गेले की पोटात आंबट वाढते आणि वायूही वाढतो. मीठपाणी पाजून ओकवूही नका. तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून पिल्लाला बंद खोलीत ठेवू नका. मोकळ्या हवेत न्या आणि औषधाची पुडी घेऊन डॉक्टरकडे पळा.

सगळ्यांत जास्त पिल्ले मारणारा आजार म्हणजे पार्व्हो. १९७८ साली तो प्रथम ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो जास्त होतो. आधी पिल्लू खेळायचे थांबते. कोपरा धरते. मग ओकू लागते, आणि नंतर रक्ताची, घाण वासाची हगवण लागते. अंगातले पाणी निघून जाते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, हिरड्या चिकट लागल्या, तर पाणी फार गेले आहे असे समजा. वेळेवर सलाईन मिळाले तर बरीच पिल्ले वाचतात. न मिळाले तर बहुतेक मरतात. हा आजार माणसाला होत नाही, पण त्याचे विष अंगणाच्या मातीत कित्येक महिने टिकते. तिथे लगेच दुसरे पिल्लू आणू नये. लस मात्र खात्रीची आहे. दीड-दोन महिन्यांचे असताना पहिली, आणि मग चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी.

एक गोष्ट फार सांभाळून करा. पिल्लाला गिळता येत नाही, पाणी तोंडातून सांडते, लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलतो. घरचा माणूस म्हणतो, "हाड अडकलंय," आणि तोंडात हात घालतो. तसे मुळीच करू नका. हा पिसाळ असू शकतो. पिसाळलेला कुत्रा अंगावर येतोच असे नाही. कधी त्याचा घसा नुसता लुळा पडतो. एवढेसे पिल्लूही पिसाळते, आणि त्याचा एवढासा दातही पुरतो. पिल्लू चावले, ओरखडले, किंवा जखमेला लाळ लागली, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लस तिथे फुकट मिळते. पिसाळाची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर तो जवळपास कधीच वाचत नाही. कुत्र्याला ही लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात.

पिल्लू एकदाच ओकले आणि हिंडते-फिरते आहे, तर चार-सहा तास खायला देऊ नका. पाणी चमचा-चमचा द्या. ते ठरले तर बिनमीठ-मसाल्याचा गुरगुट्या भात दोन-दोन घास द्या. मोठे कुत्रे दिवसभर उपाशी राहू शकते, पिल्लू राहू शकत नाही. अगदी दुधपिते पिल्लू तर चार तासही उपाशी ठेवू नये. पुन्हा पुन्हा ओकते, रक्त दिसते, पोट ताठ झाले, पाणी ठरत नाही, यांतले एक जरी दिसले तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. माणसाच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नका. त्यांनी कुत्रे मरते.

पौड लांब पडते, पावसात गाडीही वेळेवर मिळत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून निघतानाच तयारी करून निघा. पिल्लाला पाटीत कोरडे पोते घालून ठेवा, अंगावर काही पांघरा. ओकारीत जंत, चिंधी, भुकटी दिसली असेल तर ती डबीत घ्या. डॉक्टर विचारतील ते वाटेत आठवून ठेवा: वय किती, काय खाल्ले, खाल्ल्यावर किती वेळाने ओकले, पोट हलले की घास नुसताच परत आला, कोणती लस टोचली. घरात कुणाकडे मोबाईल असेल तर ओकतानाचे चित्र काढून न्या. तेवढ्यानेच डॉक्टरचे निम्मे काम होते.