खिडकी मिटली, वही उघडीच

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. माजलगावकडच्या एका जिनिंगच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग. माल उतरवून रिकामी गाडी काट्यावर आली, काट्यावरच्या पोरानं वजन टाकलं, 'सेव्ह' दाबलं, तर पडद्यावर निरोप: ही नोंद दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे. त्यानं मला फोन लावला.

"सर, गाड्या थांबल्यात. सर्व्हर बंद करून चालू करू का?"

"हात लावू नका. आत कोण कोण आहे, ते आधी बघा."

"मी एकटाच हाय. बीडचे अकाउंटंट कवाच घरी गेलेत."

अकाउंटंट घरी गेले होते हे खरं. पण त्याच गाडीच्या नोंदीत भाव भरता भरता ते उठले आणि लॉगऑफ न करता वरच्या कोपऱ्यातली फुली दाबून निघून गेले. माणूस घरी, वही मात्र त्याच्याच हाताखाली उघडी.

हे सगळे रिमोट डेस्कटॉपवरून काम करतात आणि त्यात प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. तो सर्व्हरवर चालतो. आपल्याकडे येतं ते पडद्याचं चित्र आणि तिकडे जातात आपली बटणं. १९९८ च्या विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीपासूनची ही तऱ्हा. छोट्या धंद्यांना ती मानवते, कारण अशा ठिकाणी बऱ्याचदा ॲक्सेससारखा फाइलवर चालणारा डेटाबेस असतो. त्याच्या दारावर राखणदार नाही. ज्याचा त्याचा प्रोग्रॅम थेट फाइलीत लिहितो. बीडहून इंटरनेटवरून ती फाइल उघडली, की पानंच्या पानं तारेवरून ओढली जातात आणि लिहिता लिहिता लाइन तुटली तर फाइल बिघडू शकते. रिमोट डेस्कटॉपमध्ये फाइल जागची हलत नाही.

गोम आहे ती फुलीत. लाइन गेली तरी हातातलं काम मोडू नये म्हणून सर्व्हर आपलं सेशन चालूच ठेवतो. फुली दाबल्यावर, प्रोग्रॅम चालूच राहतील, असा इशाराही येतो. पण तो वाचतो कोण? त्यामुळे नोंदीवरचं कुलूपही तसंच राहतं.

आत कोण आहे, हे सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये 'युजर्स'खाली दिसतं. नावापुढे 'डिस्कनेक्टेड' असेल तर माणूस गेला, सेशन उरलं. डेटाबेसशेजारी तयार होणाऱ्या कुलूप-फाइलीत डोकावून मात्र इथे फारसं हाती लागत नाही. तिच्यात कॉम्प्युटरचं नाव लिहिलेलं असतं आणि रिमोटवर सगळ्यांचा कॉम्प्युटर एकच, म्हणजे सर्व्हर.

मग त्या माणसालाच फोन करावा. त्यानं परत आत यावं, नोंद पुरी करावी किंवा सोडून द्यावी, आणि रीतसर बाहेर पडावं. तो सापडलाच नाही, तर त्याचं एकट्याचं सेशन साइन-ऑफ करावं. अर्धवट नोंद जाईल, पण बाकीच्यांचं काम वाचेल. सर्व्हर रिस्टार्ट हा अगदी शेवटचा उपाय, कारण त्या क्षणी लिहीत असलेल्या प्रत्येकाचा हात त्यानं झटकला जातो.

पुढचा त्रास टाळायचा तर फॉर्म आणि रिपोर्टची फाइल प्रत्येकाला वेगळी द्यावी, सामाईक ठेवावा तो फक्त डेटा. तुटलेलं सेशन ठरावीक वेळानं आपोआप संपेल, अशी मुदत घालावी. पण लाइट आणि नेट आपल्याकडे कसं जातं, ते ध्यानात घेऊन. दुरुस्तीची 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवण्याआधी सगळे बाहेर आहेत ना बघावं आणि फाइलीची प्रत काढावी. आणि रिमोटचा ३३८९ नंबरचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये. मे २०१९ मध्ये याच सेवेत 'ब्लूकीप' नावाची फट सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती.

त्या दिवशी अकाउंटंटनी घरूनच लॉगिन केलं. भावाचा रकाना सोडला तसाच समोर उभा होता. त्यांनी तो भरला, सेव्ह केला आणि फोनवर विचारलं, "आता फुली दाबू?"

काट्यावरचा पोरगाच मध्ये ओरडला, "लॉगऑफ करा, साहेब!"